भावकी, सोयरीक आणि शेजार : भीमा-नीरेच्या पाण्यातील माशांच्या सान्निध्याचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी ग्रामजीवनात माणसांची परस्परांशी असलेली जवळीक सांगण्यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. एका मूळ पुरुषापासून निघालेली घरे म्हणजे भावकी. जमीन वाटली गेली तरी बांधाला बांध लागून राहतो, आणि म्हणून भावकीची घरेही जवळजवळ राहतात. बारामती व इंदापूर तालुक्यांत आडनावापुढे ‘वस्ती’ किंवा ‘वाडी’ जोडून झालेली जी असंख्य स्थलनामे ऐकू येतात, त्यांचे मूळ यातच आहे. दुसरा शब्द सोयरीक. येथे नाते आहे, परंतु घर परगावी. तिसरा शब्द शेजार. येथे घर जवळ, पण नाते असेलच असे नाही. नाते आणि सान्निध्य या दोन स्वतंत्र गोष्टी असून त्या कधी एकत्र येतात व कधी येत नाहीत, हे या तीन शब्दांनी स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

प्राणिशास्त्रात हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहतो. परस्परांशी नाते असलेले जलचर प्राणी पुष्कळदा एकमेकांच्या जवळ आढळतात. ते असे जवळ का असतात? नाते आहे म्हणून ते जवळ राहिले, की जवळ राहिल्यामुळे ते नात्याचे वाटतात? की कोणी तिसऱ्यानेच त्यांना एके ठिकाणी आणून सोडले? या प्रश्नाची चर्चा बहुधा समुद्रातील प्राण्यांच्या संदर्भात होते. तथापि समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वाहणाऱ्या भीमा आणि नीरा या नद्यांत त्याची सर्व अंगे एकत्र पाहावयास मिळतात. त्यातील काही अंगांचा उलगडा तर माशांच्या मराठी नावांचा विचार केल्यावाचून होत नाही. म्हणून हा विषय भाषेच्या अभ्यासकालाही परका नाही.

आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ‘नाते’ हा शब्द येथे दोन अर्थांनी येतो. एकाच जातीतील दोन मासे सख्खी भावंडे असू शकतात. हे कुटुंबातील नाते. दोन वेगळ्या जाती एकाच पूर्वज जातीपासून निघालेल्या असू शकतात. हे कुळातील नाते. एकाच घरात बोलणारी दोन भावंडे, आणि एकाच प्राकृतापासून निघालेल्या दोन भाषा, यांत जो फरक आहे तोच येथे आहे. पहिल्या नात्याचा काळ वर्षांत मोजावयाचा, तर दुसऱ्याचा लक्षावधी वर्षांत.

२. समुद्रातील पुरावा

समुद्रातील बहुसंख्य प्राण्यांची पिले जन्मताच आईबापांपासून दूर होतात. अंड्यातून निघालेला डिंभ, म्हणजे अजून पूर्ण रूप न आलेला बालजीव, कित्येक दिवस वा आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतो. त्यामुळे जन्मस्थानाशी त्याचा संबंध तुटतो आणि एका खडकावर राहणारे प्राणी हे ठिकठिकाणांहून आलेले परके असतात, असे मत विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ होते. समुद्रात शेजार आहे, भावकी नाही, असा त्या मताचा सारांश सांगता येईल.

या मताला १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने धक्का दिला. ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटाजवळच्या प्रवाळखडकावर सुमारे एक कोटी मत्स्यभ्रूणांच्या कानातील सूक्ष्म खड्यांवर रासायनिक खूण उमटविण्यात आली. पुढे खडकावर परतलेली सुमारे पाच हजार पिले तपासली तेव्हा त्यांत १५ पिले खूण असलेली निघाली. खूण केलेल्या भ्रूणांचे एकूण भ्रूणांशी असलेले प्रमाण अल्प होते. ते जमेस धरता १५ ते ६० टक्के पिले आपल्या जन्मखडकावरच परत येत असावीत, असा अंदाज निघाला. २००७ साली पापुआ न्यू गिनीतील किंबे उपसागरात विदूषक माशांच्या बाबतीतही असेच आढळले. तेथील एका लहान बेटाभोवती स्थिरावलेल्या पिलांपैकी सुमारे ६० टक्के पिले त्याच बेटावर जन्मलेली होती. समुद्र अफाट असला तरी खडकाजवळचे भोवरे आणि पिलांची स्वतःची पोहण्याची व वास ओळखण्याची शक्ती यांमुळे पुष्कळ पिले घराजवळच राहतात, असा याचा अर्थ होतो.

परंतु येथे घाईने निष्कर्ष काढणे इष्ट नाही. विदूषक मासे समुद्रफुलाच्या आश्रयाने तीन-चारांच्या लहान गटांनी राहतात. असा गट म्हणजे आईबाप व मुले यांचे कुटुंब असावे, असे पाहणाऱ्यास सहज वाटते. २००७ सालीच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अशा गटांतील माशांचे जनुकद्रव्य तपासण्यात आले, तेव्हा गटातील माशांचे परस्परांशी निकटचे नाते नसल्याचे दिसून आले. बेटाच्या पातळीवर भावकी आहे, पण एका फुलाच्या पातळीवर केवळ शेजार आहे. नात्याविषयी विधान करताना ते किती मोठ्या क्षेत्राविषयी आहे हे सांगणे का आवश्यक असते, ते या उदाहरणावरून कळते.

जवळीक निर्माण होण्याची आणखी दोन कारणे कोकणच्या किनाऱ्यावर दिसतात. खडकांना चिकटून राहणाऱ्या कालवांचे व बार्नेकलांचे डिंभ आपल्या जातीचे प्रौढ जीव जेथे आधीच आहेत तेथे स्थिरावणे पसंत करतात. बार्नेकलांच्या बाबतीत नाइट-जोन्स या संशोधकाने १९५३ साली हे प्रयोगाने दाखविले. ही जातभाईंची ओढ आहे, भावंडांची नव्हे. दुसरे कारण म्हणजे परतून येणे. वेळास, आंजर्ले व गुहागर येथील वाळूवर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या सामान्यतः आपल्या जन्माच्या किनारपट्टीकडे परततात असे मानले जाते. मात्र या नियमालाही अपवाद आहेत. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली.

सारांश, सान्निध्याच्या मागे जन्मस्थान न सोडणे, जातभाईंकडे ओढले जाणे आणि दूर जाऊन परत येणे ही तीन कारणे संभवतात. नदीच्या बाबतीत यांत आणखी दोन कारणांची भर पडते, आणि ती पाहण्यासाठी भीमेच्या खोऱ्याकडे वळले पाहिजे.

३. नदी ही एक बंदिस्त वाट

समुद्रातील प्राण्याला सर्व दिशा मोकळ्या असतात. नदीतील माशाला दोनच दिशा असतात : प्रवाहाबरोबर किंवा प्रवाहाविरुद्ध. भीमा भीमाशंकरजवळ उगम पावते. तेथून अरबी समुद्र जवळ आहे, परंतु नदी त्याच्याकडे पाठ फिरवून आग्नेयेकडे वाहते आणि रायचूरजवळ कृष्णेस मिळते. कऱ्हा नदी बारामतीवरून येऊन सोनगाव येथे नीरेस मिळते. नीरा बारामती व इंदापूर तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहत जाऊन इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा-नरसिंगपूर येथे, भीमेस मिळते. याचा अर्थ असा की, या दोन तालुक्यांत पडलेल्या पावसाचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. सह्याद्रीच्या माथ्यावर काही पावलांच्या अंतराने पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. त्या माथ्याच्या दोन बाजूंच्या ओढ्यांत राहणारे मासे नकाशावर शेजारी दिसले तरी पाण्याच्या वाटेने ते एकमेकांपासून अत्यंत दूर असतात.

जलविभाजक हा अशा रीतीने मोठी भिंत ठरतो. त्या भिंतीच्या आत सापडलेली जात पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहते, खोऱ्यातल्या खोऱ्यात तिच्या शाखा फुटतात, आणि त्या शाखा पुन्हा एखाद्या संगमावर एकत्र येतात. कुळातील नात्याच्या जाती एकाच खोऱ्यात आढळतात त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. ही बंदिस्तीमुळे टिकलेली भावकी होय.

तथापि कुळ एक आणि वास्तव्य हजारो मैल दूर, अशीही उदाहरणे आहेत. गोव्याच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर हा मासा सिक्लिड कुळातील असून त्याचे निकटचे आप्त मादागास्करमध्ये आहेत. भारत व मादागास्कर हे भूखंड विलग झाल्यामुळे हे आप्त दुरावले, की विलग झाल्यानंतर समुद्र ओलांडून ते इकडे आले, याविषयी प्राणिशास्त्रज्ञांत एकमत नाही. पश्चिम घाटातील काही माशांचे नाते मलायाकडील माशांशी आहे, ही गोष्टही बरीच जुनी. तिची उपपत्ती लावण्यासाठी सुंदरलाल होरा यांनी १९४० नंतरच्या दशकात सातपुड्याच्या रांगेवरून हे मासे पश्चिमेकडे आले, असा सिद्धान्त मांडला. पुढे त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. परंतु दूरच्या आप्तांमधील अंतराचे स्पष्टीकरण इतिहासातच शोधावे लागते, हा त्यामागील विचार मान्य झालेला आहे.

४. वाम आणि अहीर : नावाचे नाते

भीमेच्या काठी ‘वाम’ हे नाव एका लांबट, सापासारख्या माशाला आहे. त्याच्या पाठीवर बारीक काट्यांची ओळ असते. कोकणच्या किनाऱ्यावरही ‘वाम’ हे नाव प्रचारात आहे. पण तेथील वाम हा समुद्रात राहणारा वेगळा मासा आहे. दोन्हींचे शरीर लांब असल्यामुळे नाव एक पडले. प्रत्यक्षात त्यांच्यात निकटचे नाते नाही. समुद्रातील वाम हा खऱ्या ईलांच्या गणातील आहे. भीमेतील वाम त्या गणात येत नाही.

याउलट भीमेत ‘अहीर’ नावाचा जो मासा मिळतो तो खरा ईल असून समुद्रातील वामेचा तोच गणबंधू आहे. म्हणजे येथे परिस्थिती पूर्णतः उलटी झाली आहे : नाव एक असलेले परके, आणि नाते असलेल्यांची नावे निराळी. गोड्या पाण्यातील वाम व अहीर एकाच नदीत शेजारी राहतात, दिसावयासही काहीसे सारखे दिसतात, परंतु त्यांचा संबंध केवळ शेजाराचा आहे.

लोकांनी दिलेली नावे नेहमीच फसवतात असा मात्र याचा अर्थ नव्हे. ‘शिंगाळा’ हे नाव नदीतील व समुद्रातील अशा दोन्ही माशांना आहे. ही दोन्ही नावे कल्ल्यामागील व पाठीवरील टोकदार काट्यांवरून, म्हणजे ‘शिंगां’वरून पडलेली आहेत. हे मासे वेगवेगळ्या कुळांतील असले तरी दोन्ही मिशाळ माशांच्या एकाच गणात मोडतात. ज्या लक्षणावरून लोकांनी नाव दिले ते लक्षण येथे वंशपरंपरेने आलेले होते, म्हणून नाव नात्याशी जुळले. वामेच्या बाबतीत जे लक्षण निवडले गेले ते राहणीमुळे स्वतंत्रपणे उत्पन्न झालेले होते, म्हणून नाव चुकले.

अहिराची आणखी एक गोष्ट सान्निध्याच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तो नदीत वाढतो, परंतु अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो. पिले समुद्रात जन्मून नदीत चढतात. यूरोपातील ईलांच्या जनुकद्रव्याच्या अभ्यासावरून असे दिसते की, निरनिराळ्या नद्यांतील ईल समुद्रात एकत्र येऊन त्यांचा एकच मोठा समूह बनतो. त्यामुळे एका नदीतील दोन ईल हे दुसऱ्या नदीतील ईलांपेक्षा एकमेकांचे अधिक जवळचे असतात असे नाही. मरळ मासा याच्या अगदी उलट. मरळीची पिले जन्मल्यानंतर काही आठवडे पुंजक्याने राहतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. तेवढ्या काळापुरते ते खरेखुरे कुटुंब असते. एकाच डोहातील दोन जातींत नाते व सान्निध्य यांचा संबंध इतका भिन्न असू शकतो.

५. सायक्सची ‘रोहटी’

या नद्यांतील माशांचा पहिला शास्त्रीय आढावा कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने घेतला. मुंबई सरकारचा सांख्यिकी-वृत्तलेखक म्हणून त्याने दख्खनमध्ये पुष्कळ प्रवास केला. त्याने केलेली माशांची वर्णने १८३९ व १८४१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. भीमेच्या काठी मिळालेले मासेही त्यांत आहेत. सायक्सच्या कामाचे भाषिक वैशिष्ट्य असे की, त्याने लोकांच्या तोंडून ऐकलेली नावेच शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, कोलस, पोटेल, ताकरी, शिंगटी, मुल्या ही नावे त्यामुळे लॅटिन प्रत्ययांच्या पंगतीत जाऊन बसली आणि जगभरच्या ग्रंथांत आजही चालतात.

‘रोहटी’ हे तर त्याने एका संपूर्ण प्रजातीचे, म्हणजे निकट नात्याच्या जातींच्या समूहाचे, नाव केले. या प्रजातीत त्याने भीमेतील दोन चपट्या, रुंद अंगाच्या जाती एकत्र घातल्या. एकीला त्याने ऑगिल्बीचे व दुसरीला व्हिगर्सचे, म्हणजे लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळातील दोन गृहस्थांचे, नाव दिले. दोन्हींची आकृती सारखी आणि दोन्ही एकाच नदीत राहणाऱ्या. तेव्हा त्या एका घरच्या मानणे स्वाभाविक होते. पुढील प्राणिशास्त्रज्ञांनी ही भावकी मोडली. व्हिगर्सच्या नावाची जात आता ‘ऑस्टिओब्रामा’ या प्रजातीत घातली जाते. त्या प्रजातीत मणिपूरमधील प्रसिद्ध पेंगबा माशाचाही समावेश होतो. ‘रोहटी’ प्रजातीत आज ऑगिल्बीच्या नावाची ती एकच जात उरली आहे. या दोन जातींत नाते मुळीच नाही असे नव्हे, पण शेजारामुळे ते जेवढे निकट वाटले तेवढे ते नव्हते. आणि एकीचे अधिक जवळचे आप्त देशाच्या दुसऱ्या टोकाला निघाले.

६. आणलेले आप्त

जवळिकीचे पाचवे कारण माणूस होय. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची एकूण साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. त्याचे फुगवट्याचे पाणी इंदापूर तालुक्यात पळसदेव, कुंभारगाव, भिगवणपर्यंत पसरते. पळसदेवचे जुने मंदिर या पाण्याखाली गेले असून पाणी ओसरल्यावर ते उघडे पडते. ज्या गावांचे पुनर्वसन झाले तेथील माणसांची भावकी जशी विस्कटली, तशीच नदीतील माशांचीही व्यवस्था बदलली. पुराच्या वाहत्या पाण्यात वर चढून अंडी घालणाऱ्या जातींना साचलेले पाणी मिळाले. खाली कृष्णेवर उभ्या राहिलेल्या नागार्जुनसागर, श्रीशैलम यांसारख्या धरणांनी अहिराची समुद्राकडील वाट अडविली.

त्याच वेळी नवे आप्त आले. रोहू, कटला व मृगळ हे मूळचे गंगेच्या बाजूचे मासे. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली ओडिशात संप्रेरकाच्या साह्याने अशा माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर त्यांचे बीज देशभर पोचविणे सुलभ झाले. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून बीज पुनःपुन्हा सोडावे लागते. हे बीज मोजक्या आईबापांपासून तयार होते. एका हौदातील बोटुकल्या एका तळ्यात वा शेततळ्यात सोडल्या म्हणजे सख्ख्या भावंडांचा मोठा समूह एकत्र वाढतो. समुद्रात जी गोष्ट सिद्ध करण्यासाठी एक कोटी भ्रूणांवर खुणा कराव्या लागल्या, ती येथे मत्स्यबीजाच्या पिशवीतच घडते.

यात कुळातील नात्याचीही एक गुंतागुंत आहे. रोहू हा ‘लेबिओ’ प्रजातीतील. सायक्सने नोंदविलेला पोटेलही त्याच प्रजातीत येतो. लक्षावधी वर्षे वेगळ्या खोऱ्यांत राहिलेले हे आप्त माणसाने एका पाण्यात आणले. आप्त असल्यामुळेच त्यांच्या गरजा सारख्या असतात, आणि गरजा सारख्या असल्यामुळे स्पर्धाही होऊ शकते. पोटेलची गणना आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत संकटग्रस्त जातींत होते. त्याला धरणे, प्रदूषण, अतिमासेमारी अशी अनेक कारणे असू शकतात. सर्व दोष रोहूवर टाकणे न्याय्य होणार नाही.

आफ्रिकेतून आलेल्या टिलापियाची कथा याहून बोलकी आहे. तो भारतात १९५२ साली आणला गेला. उजनीच्या काठचे मच्छीमार त्याला ‘चिलापी’ म्हणतात आणि तो तेथे विपुल मिळतो. त्याची मादी अंडी व लहान पिले तोंडात सांभाळते. त्यामुळे पिले दूर विखुरत नाहीत, साचलेल्या पाण्यातही वंश वाढतो, आणि थोड्या माशांपासून जवळजवळ राहणारी मोठी भावकी तयार होते. चिलापी हाही सिक्लिड कुळातील, म्हणजे गोव्याच्या कालुंदराचा दूरचा आप्त. निसर्गाने ज्यांची ताटातूट केली होती त्या कुळाच्या दोन शाखा माणसाने एका देशात पुन्हा आणल्या.

७. उपसंहार

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा सर्व प्रकार ओळखीचा वाटेल. दोन भाषांतील साम्य समान उगमामुळे असेल किंवा दीर्घ शेजारामुळे. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे जे प्रतिपादन केले, त्यातील मर्म हेच होते. मराठीतील ‘आपण’ व ‘आम्ही’ हा भेद द्राविड भाषांच्या शेजारातून आला असे सामान्यतः मानले जाते. तेवढ्यावरून मराठी द्राविड कुळात जात नाही. त्याचप्रमाणे मराठीच्या कुळातील सिंहली दूर समुद्रापार आहे म्हणून ती परकी ठरत नाही. एक फरक मात्र विसरता कामा नये. भाषा शेजारणीकडून रूपे उसनी घेते; मासा शेजाऱ्याकडून सहसा काही उसने घेत नाही. म्हणून माशांमधील साम्याचे कारण उगमात किंवा सारख्या राहणीत शोधावे लागते.

सान्निध्य हे नात्याचे प्रमाण नव्हे. ते एका इतिहासाचे अखेरचे पान आहे. भीमेच्या एका डोहात अहीर समुद्रातून येतो, मरळ तेथेच वाढते, रोहटी खोऱ्याच्या भिंतीआड टिकून राहते, रोहू पिशवीतून येतो आणि चिलापी आईच्या तोंडातून बाहेर पडतो. जाळ्यात ते सारे एकत्र सापडतात, पण प्रत्येकाच्या तेथे असण्याचे कारण निराळे असते.

यातून शब्दसंग्राहकाचेही एक कर्तव्य निष्पन्न होते. भिगवण, इंदापूर किंवा नीरेच्या काठी भोई वा कोळी मंडळींकडून माशांची नावे टिपताना नुसते नाव टिपल्याने काम भागत नाही. त्याबरोबर मासा पाहिला पाहिजे, त्याची शास्त्रीय ओळख करून घेतली पाहिजे, तो वाहत्या पाण्यात मिळतो की साचलेल्या, पूर्वीपासूनचा आहे की सोडलेला, हेही विचारले पाहिजे. पोटेल किंवा ताकरी हे नाव लंडनच्या ग्रंथात सुरक्षित आहे. नदीकाठच्या बोलीत ते टिकेल की नाही, हे तो मासा पाण्यात टिकतो की नाही यावर अवलंबून आहे. जो मासा जाळ्यात येत नाही, त्याचे नाव पुढच्या पिढीला कोणी सांगत नाही.